बागेच्या पाण्याला विजेची चावी

इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. नळ सोडला की पाणी येतं, बादली भरते; पण त्याच नळाला जोडलेलं कपडे धुण्याचं मशीन पाणी घेत नाही. मेकॅनिक येतो, मशीन ठीक आहे म्हणतो आणि प्रेशर पंप बसवायला सांगतो. तेच मशीन चार मजले खाली नेलं तर बिनतक्रार भरतं. टाकी तीच, पाणी तेच, मशीन तेच. मग अडतं कुठे?

मशीनच्या मागे जिथे पाण्याची नळी जोडतात, तिथे आत विजेवर उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. बागेला आपोआप पाणी देण्यासाठी बाजारातून आपण जो व्हॉल्व्ह आणतो, तो बहुतेक वेळा याच जातीचा असतो, आणि बागेतही तो याच कारणाने अडतो. मे महिन्यात गावी जायचं असतं, कुंड्यांना पाणी कोण घालणार, म्हणून टायमर आणि व्हॉल्व्ह आणला जातो. ठरल्या वेळी व्हॉल्व्हमधून ‘टक्’ असा आवाज येतो, पण ठिबकच्या नळीत पाणी उतरत नाही. दुकानदार व्हॉल्व्ह बदलून देतो, तरी तेच. व्हॉल्व्ह बिचारा चांगला असतो. त्याला उघडायला जेवढा दाब लागतो तेवढा गच्चीवरच्या टाकीकडे नसतो, एवढंच. म्हणून व्होल्ट, इंच आणि किंमत यांच्या आधी एक गोष्ट पक्की करायला हवी: आपल्या पाण्याला दाब किती आहे.

दाब मोजायला टेप पुरते

ठिबक वापरणारे शेतकरी दाब ‘किलो’त सांगतात. एक किलो दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा भार. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ त्याच्या तळाशी एवढाच भार टाकतो. म्हणजे उंचीच्या प्रत्येक मीटरला ०.१ किलो, हा हिशेब तोंडपाठ ठेवावा. टाकी ५०० लिटरची असो की ५,००० लिटरची, तिच्या रुंदीचा किंवा पाण्याच्या एकूण वजनाचा इथे काही संबंध नाही. फक्त उंची मोजायची.

ती कुठून कुठे मोजायची, यात मात्र अनेकांची गफलत होते. टाकी तुडुंब भरलेली असतानाच नव्हे, तर जवळजवळ रिकामी असतानाही पाणी यायला हवं; म्हणून टाकीच्या तळाच्या नळीपासून कुंडीतल्या ड्रिपरपर्यंतचं उभं अंतर घ्यायचं. नळी आडवी कितीही लांब फिरली तरी ते अंतर यात धरायचं नाही. लांब आणि बारीक नळीत पाणी वाहताना घर्षणाने दाब थोडा खर्च होतो, तो वेगळा.

आता गच्चीवरची बाग घ्या. टाकी दोन-अडीच मीटर उंच चौथऱ्यावर असेल तर हाती येतो ०.२ ते ०.२५ किलो. दुमजली बंगल्याच्या अंगणात, त्याच टाकीखाली आठ-नऊ मीटरवर, ०.८ ते ०.९ किलो. वरच्या मजल्यावरच्या मशीनचं कोडं इथेच सुटतं. अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.३ ते ०.५ किलोच्या आसपास दिलेला असतो आणि वरच्या फ्लॅटला टाकीपासून तेवढी उंचीच मिळत नाही.

व्हॉल्व्हवर किंवा त्याच्या खोक्यावर दाबाचे आकडे छापलेले असतात, पण एकक प्रत्येकाचं निराळं. ‘बार’ आणि ‘किलो’ घरगुती हिशेबासाठी सारखेच समजा. ‘एमपीए’ लिहिलं असेल तर दहाने गुणा: ०.०२ एमपीए म्हणजे ०.२ किलो, म्हणजे दोन मीटर उंची. ‘पीएसआय’ असेल तर साडेचौदाने भागा. बहुतेक जण या ओळीतला मोठा आकडा बघतात, व्हॉल्व्ह फुटणार तर नाही ना म्हणून. टाकीवर चालणाऱ्या बागेसाठी ओळीतला लहान आकडा महत्त्वाचा आहे.

इतक्याशा विजेत इतकं पाणी कसं उघडतं?

या व्हॉल्व्हला सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणतात. तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि तिच्या पोकळीत सरकणारा लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर. वीज दिली की कॉइलचा चुंबक होतो आणि दांडा आत ओढला जातो. वीज बंद झाली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. तो ‘टक्’ आवाज याच दांड्याचा.

आता दांड्याच्या टोकाला रबर लावून त्यानेच पाण्याचं भोक बंद केलं तर? कल्पना सरळ आहे, पण आकडे बघा. भोक २० मिलिमीटरचं आणि दाब ३ किलोचा असेल, तर रबर उचलण्यासाठी साडेनऊ किलोच्या जवळपास ताकद लागते. तेवढी ताकद देणारी कॉइल जड, महाग आणि विजेला खादाड होईल. भोक २ मिलिमीटरचं केलं तर तेच काम शंभर ग्रॅमहूनही कमी ताकदीत होतं. व्यास दहा पट कमी झाला की क्षेत्रफळ शंभर पट कमी होतं. पण दोन मिलिमीटरच्या भोकातून बाग कशी भिजणार?

यावर काढलेली युक्ती मला फार देखणी वाटते: कॉइलने फक्त बारीक भोक उघडायचं, आणि मोठं भोक पाण्यानेच उघडायचं.

व्हॉल्व्हच्या पोटात रबराचा एक गोल पडदा असतो. येणारं पाणी पडद्याच्या खाली, कडेच्या कड्यासारख्या जागेत येतं. मध्यभागी बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड असतं आणि पडदा त्यावर टेकलेला असतो. पडद्याच्या कडेला सुईच्या अग्राएवढं एक छिद्र असतं. त्यातून थोडं पाणी वर झिरपतं आणि पडद्यावरची छोटी खोली भरून टाकतं. आता वर आणि खाली दाब सारखाच. पण वरून पाणी अख्ख्या पडद्यावर रेटतं, खालून फक्त कडेच्या पट्टीवर, कारण मधल्या भागाखाली रिकामी नळी आहे. वरचा रेटा जिंकतो आणि पडदा घट्ट बसतो. आतून बसणाऱ्या झाकणाचा प्रेशर कुकर आठवा. वाफेचा दाब वाढेल तसं त्याचं झाकण अधिकच आवळतं, आणि दाब असेपर्यंत ते हाताने उघडणं अशक्य असतं. पडद्याचंही तसंच.

कुकर उघडायचा तर आधी शिटी वर करून वाफ सोडावी लागते. पडद्याच्या मधोमध असंच एक बारीक भोक आहे आणि त्यावर दांड्याचं रबरी टोक टेकलेलं आहे. वीज मिळताच दांडा उचलला जातो आणि वरच्या खोलीतलं पाणी मधल्या भोकातून बाहेर पळतं. कडेचं छिद्र त्याहून बारीक असल्यामुळे तितक्या वेगाने ते भरून काढू शकत नाही. वरचा दाब कोसळतो, खालचं पाणी पडद्याला उचलून धरतं आणि मोठा मार्ग मोकळा होतो. वीज गेली की दांडा मधलं भोक बंद करतो, खोली झिरपत्या पाण्याने पुन्हा भरते आणि पडदा बसतो.

एवढं लक्षात आलं की या व्हॉल्व्हच्या खोडी आपोआप कळतात. खालून पडदा उचलायला पुरेसा दाब नसेल तर दांडा ‘टक्’ करून वर जाईल आणि मधल्या भोकातून फार तर थेंब-थेंब पाणी येईल. साध्या नळात आपण चकती हाताने उचलतो, म्हणून तो कमी दाबावरही वाहतो. व्हॉल्व्ह उलटा जोडला तर पाणी आतून पडद्याला सतत वर ढकलतं आणि तो बंदच होत नाही. अंगावर कोरलेला बाण पाण्याच्या दिशेकडे हवा, तो याचसाठी. आणि कडेच्या बारीक छिद्रात वाळूचा कण किंवा क्षार अडकला तर वरची खोली भरत नाही, मग वीज बंद असूनही पाणी वाहत राहतं. बागेत नेमकी हीच खोड सगळ्यात महागात पडते.

आणखी एक बारकावा आहे. पडद्याला नुसता दाब पुरत नाही, आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत दाबाचा *फरक* लागतो. ठिबकच्या नळीत पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडतं, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडल्यावर काही क्षणांत पुढची नळीही भरते आणि फरक आटतो. स्प्रिंकलरसाठी बनवलेला एक इंची व्हॉल्व्ह पाचपन्नास ड्रिपरना जोडला तर त्यातून इतकं कमी पाणी जातं की पडदा धड उघडा राहत नाही, धड बंद होत नाही, फडफडतो. लॉनसाठी मिळणाऱ्या अशा व्हॉल्व्हना साधारण एक किलोच्या पुढे दाब लागतो आणि किमान प्रवाहाची अटही असते. मोठा व्हॉल्व्ह घेतला म्हणजे बरं, हा समज इथे सरळ नुकसान करतो.

टाकीखाली काय चालतं

पंप असेल आणि दाब एक-दोन किलो मिळत असेल, तर वर सांगितलेला पडद्याचा व्हॉल्व्ह उत्तम. स्वस्त आहे, वीज गेली की बंद होतो आणि सुटे भाग मिळतात. फक्त टाकीच्या उंचीवर बाग चालवायची असेल, तर तीन वाटा उरतात.

पहिली वाट थेट उघडणाऱ्या सोलेनॉइडची. यात पडदा नसतो, दांडाच भोक उघडतो, म्हणून दाब शून्य असला तरी चालतो. भोक लहान असतं, पण बाल्कनीतल्या दहा-पंधरा कुंड्यांच्या ठिबकला ते पुरतं. दुसरी वाट मिश्र प्रकाराची. त्यात पडदा दांड्याला जोडलेला असतो; दाब असेल तर पाणी मदत करतं, नसेल तर दांडा पडद्याला ओढून उचलतो. अशा व्हॉल्व्हवर दाबाची मर्यादा शून्यापासून लिहिलेली असते. त्याची कॉइल मोठी असते आणि जास्त तापते.

तिसरी वाट मोटरच्या बॉल व्हॉल्व्हची, आणि गच्चीवरच्या बागेसाठी मी सहसा हीच सुचवतो. आपल्याकडे पाइपलाइनवर दांडा पाव फेरा फिरवून उघडायची चावी असते, तिच्या आत आरपार भोक असलेला एक गोळा असतो. हाताच्या जागी छोटी गिअर मोटर लावली की झाला मोटरचा बॉल व्हॉल्व्ह. दाबाची अट नाही. उघडल्यावर मार्ग जवळजवळ नळीएवढाच मोकळा. बारीक छिद्र नसल्यामुळे कचऱ्याने अडण्याची शक्यता कमी. आणि वीज लागते ती फक्त फिरण्याच्या काही सेकंदांपुरती. साधा सोलेनॉइड मात्र उघडा असेपर्यंत सतत वीज खातो.

त्याची एक गोष्ट मात्र समजूनच घ्यायला हवी. वीज गेली की साधा मोटरचा व्हॉल्व्ह जिथे आहे तिथेच राहतो. बाग भिजत असताना लाइट गेले आणि दोन तास आले नाहीत, तर टाकी रिकामी. ज्या वस्तीत टँकरने पाणी येतं तिथे ही गोष्ट क्षुल्लक नाही. म्हणून आत कपॅसिटर असलेला, वीज गेल्यावर साठवलेल्या विजेवर स्वतः बंद होणारा प्रकार मागून घ्यावा. दुकानदाराला एवढंच विचारायचं: ‘लाइट गेल्यावर हा आपोआप बंद होतो का?’ कपॅसिटर भरायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे वीज येऊन लगेच गेली तर तोही फसू शकतो. टायमर बॅटरीवर ठेवला तर ही चिंता बरीच मिटते.

व्हॉल्व्ह कोणताही घ्या, त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. शक्य असेल तर बागेसाठी २०० लिटरचा वेगळा ड्रम ठेवावा आणि व्हॉल्व्ह त्याला जोडावा. ड्रम भरायची चावी हाताची. व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला तरी जाणार ते २०० लिटर. घराचं पिण्याचं पाणी त्याच्या भरवशावर सोडायचं नाही.

पाणी किती सुटेल?

सोलेनॉइडला उघडं आणि बंद एवढंच कळतं. धार कमी-जास्त करणं त्याचं काम नाही. पाण्याचं माप आपण वेळेने ठरवायचं.

साध्या ड्रिपरवर ‘४ लिटर’ असं लिहिलेलं असतं, ते सहसा एक किलो दाबाला ताशी चार लिटर. दाब पाव झाला की पाणी पाव होत नाही, निम्मं होतं. कारण पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुटतं. म्हणून अडीच मीटर उंचीच्या टाकीवर तोच ड्रिपर ताशी दोन लिटर देईल. अशा ४० कुंड्या असतील तर ताशी ८० लिटर, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटरहून किंचित जास्त. एवढ्याला अर्धा इंची व्हॉल्व्ह पुरून उरतो. प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर द्यायचं असेल तर पंधरा मिनिटं लावायची. ‘प्रेशर कंपेन्सेटिंग’ ड्रिपर, म्हणजे दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे, उताराच्या शेतात फार उपयोगी आहेत. पण त्यांनाच साधारण अर्धा ते एक किलो दाब लागतो, म्हणून टाकीखाली ते घेऊ नयेत.

┌─────────────
दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा
• टाकीच्या तळापासून कुंडीपर्यंत उभं अंतर किती मीटर? (भागिले १० = किलो)
• व्हॉल्व्हचा किमान दाब त्याहून कमी आहे का?
• ताशी एकूण किती लिटर लागणार?
• वीज गेली तर व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा का? (बागेत जवळजवळ नेहमी ‘हो’)
• टायमर किती व्होल्टचा, एसी की डीसी?
└─────────────

व्होल्ट आणि ओल

वॉशिंग मशीनचे व्हॉल्व्ह आपल्याकडे बहुधा २३० व्होल्टवर चालतात आणि सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतात. ते बागेत लावू नका. ओली जमीन, उघडे पाय आणि २३० व्होल्ट हे एकत्र येऊ देणं धोक्याचं आहे. १२ किंवा २४ व्होल्टचा व्हॉल्व्ह घ्यावा, त्याचा ॲडॉप्टर घरात कोरड्या जागी असावा आणि बागेत फक्त कमी व्होल्टची तार जावी.

एसी आणि डीसी यांची अदलाबदल करू नये. एसीवर चालणाऱ्या कॉइलला विजेचा प्रवाह रोखायला तारेच्या रोधाखेरीज तिच्या स्वतःच्या बदलत्या चुंबकत्वाचीही मदत होते. डीसीवर ती मदत नाहीशी होते, प्रवाह वाढतो आणि कॉइल जळते. टायमर बॅटरीचा असेल तर ‘लॅचिंग’ सोलेनॉइड बघावा. त्यात कायमचुंबक दांड्याला धरून ठेवतो. उघडायला विजेचा एक क्षणिक झटका पुरतो, बंद करायला उलट दिशेचा दुसरा. म्हणूनच ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर असे टायमर महिनोन्महिने चालतात. पण बॅटरी मधेच संपली तर हा व्हॉल्व्हही उघडाच राहतो. गावी जाताना नवी बॅटरी घालावी.

वाळू, क्षार आणि दणका

बोअरवेलचं पाणी असो की टँकरचं, व्हॉल्व्हच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच. ठिबकसाठी १२० मेशची जाळी सर्वसाधारण वापरात आहे, ती पडद्याच्या छिद्रालाही सांभाळते. फिल्टर व्हॉल्व्हच्या नंतर लावून उपयोग नाही. क्षाराच्या पाण्यात पडद्यावर पांढरा थर बसतो. पावसाळ्यात बाग बंद असते तेव्हा व्हॉल्व्ह उघडून पडदा पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवावा, मऊ ब्रशने पुसावा. छिद्रात टाचणी खुपसू नये. छिद्र मोठं झालं तर पडदा पुन्हा नीट उघडणार नाही. मोटरच्या बॉल व्हॉल्व्हला वेगळी सवय लागते. महिनोन्महिने न फिरवल्यास गोळा क्षाराने चिकटतो आणि मोटर अडते. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा त्याला उघड-बंद करू द्यावं.

पंपावर चालणाऱ्या बागेत सोलेनॉइड बंद होताना पाइपला दणका बसतो, त्याला वॉटर हॅमर म्हणतात. नळीत धावणारं पाणी क्षणात थांबवलं की त्याचा वेग दाबात बदलतो. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी पोलादी नळीत एकदम थांबलं तर दहा किलोहून जास्त दाब क्षणभर उसळतो. पीव्हीसी नळी थोडी लवचिक असते, तिच्यात तो याच्या निम्म्याहून कमी असतो. तरी रोजच्या दणक्याने सांधे ढिले होतात. नळी जाड घेतली की पाण्याचा वेग कमी होतो आणि दणकाही. टाकीच्या ठिबकवर वेग इतका कमी असतो की ही काळजी करायची गरज नाही.

व्हॉल्व्हला समांतर एक साधी हाताची चावी बसवून घ्या. व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला तरी बाग तिच्यावर भिजेल. व्हॉल्व्हच्या आधीही एक चावी असावी, म्हणजे तो उघडाच अडकला तर पाणी तिथे तोडता येतं. मग गावी जायच्या आठवडाभर आधी सगळं टायमरवर सोडून घरी राहूनच पाहा. पाणी सुरू होतं का, हे सगळेच बघतात. वेळ संपल्यावर शेवटच्या कुंडीपाशी दहा मिनिटं थांबून थेंब खरंच थांबतात का, तेही बघा. टाकी अर्धी असताना पुन्हा एकदा बघा आणि मेन स्विच बंद करून आणखी एकदा.